कोळंबीच्या पोटातली पीडा

सकाळचे दहा वाजायच्या आतच ताईच्या दोन नंबरच्या तळ्याच्या बांधावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बर्फ कारखान्यातली माणसं हातमोज्यांसकट आली होती. शाळेतल्या बाई तास अर्धा टाकून आल्या होत्या. पोस्टमनने टपालाची पिशवी सायकलवर तशीच लटकती सोडली होती आणि तो कोपराने वाट काढत पुढे घुसत होता. सगळ्यांचे फोन वर, आणि सगळ्यांच्या नजरा तळ्याच्या त्या कोपऱ्यात, जिथे वारा पाण्यावरचा कचरा ढकलून आणतो.

तिथे पांढरे धागे तरंगत होते. बोटाच्या पेराएवढे, कापसाच्या सुतासारखे, शेकड्यांनी.

"निघाली! पीडा निघाली!" खुर्चीवर बसलेल्या धागेमहाराजांनी दोन्ही हात वर केले. "समुद्राच्या नाभीतलं विष आहे हे! तुमच्या कोळंबीच्या पोटात घर करून बसलं होतं. मंत्राच्या टोकाला बांधून आम्ही ते एकेक धाग्याने ओढून काढतोय. बघा, डोळे भरून बघा. पण मोजू नका! मोजलं की थांबतं."

मोजू नका म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या दोघांनी मोजायला उचललेली बोटं खाली घेतली.

माझ्या शेजारी एक आजोबा वाकले, त्यांनी पाण्यातला एक धागा अलगद उचलला आणि डोळ्यांना लावला. एक बाई बाटली भरून घेत होत्या. मला राहवलं नाही.

"आजोबा, टाका ते. कोळंबीची शी आहे ती."

"हळू बोल," आजोबा घाबरून म्हणाले, "महाराज ऐकतील."

"ऐकू देत ना!"

महाराजांनी ऐकलं नाही. ऐकलं आजूबाजूच्या पंधरा-वीस जणांनी, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू धागे पाण्यात नाही, माझ्या तोंडात होते.

मी जवळच्या कोळंबी बीज केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं तपासायची, समुद्रातून आत घेतलेलं पाणी तपासायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. ताई आणि दाजींची तीन तळी आमच्या कुंपणापलीकडेच आहेत. पाणी दोघांचं एकाच ठिकाणाहून येतं. सहा वर्षं मी रोज सकाळी त्या पाण्याचा पीएच लिहितेय. पीएच म्हणजे पाणी किती आंबटाकडे झुकलंय ते सांगणारा आकडा. तो जितका खाली, तितकं पाणी आंबटाकडे. आमच्याकडे येणारं पाणी काही लिंबासारखं आंबट झालेलं नाही. पण आकडा हळूहळू उतरतोय. मी पहिल्या वर्षी सांगितलं, तिसऱ्या वर्षी तक्ता काढून भिंतीवर लावला, पाचव्या वर्षी तळेवाल्यांची सभा बोलावली. सभेला चार जण आले. त्यातला एक चुकून आला होता, त्याला लसीकरणाची सभा हवी होती.

आणि महाराजांनी खुर्ची टाकली तर दोनशे माणूस!

दाजींची गोष्ट मला जास्त लागली होती. दाजी पूर्वी बोटीवर इंजिन सांभाळायचे. इंजिन नुसतं घरघरलं तरी कुठला भाग सैल झालाय ते कान लावून सांगणारा हा माणूस. त्यांनी महाराजांच्या शब्दावर तळ्यातले हवा खेळवणारे पंखे रोज दुपारी तीन तास बंद ठेवायला सुरुवात केली होती, कारण पंख्यांच्या आवाजाने मंत्र तुटतो. पाण्याचा आंबटपणा मारणारा चुना टाकणं बंद. नेहमीचं खाद्य अर्धं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी महाराजांची पुडी.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना बांधावरच गाठलं.

"दाजी, हे धागे वाढले म्हणजे आजार वाढला."

"महाराज म्हणतात, धागे वाढले म्हणजे आजार बाहेर पडतोय."

"आणि धागे थांबले की?"

"थांबले की संपला."

"सगळी कोळंबी मेल्यावरही धागे थांबतीलच की!"

दाजी खाद्याची ताटली धूत होते. खरं तर ती केव्हाच धुऊन झाली होती.

"तू सहा वर्षं आकडे सांगतेस," ते शेवटी म्हणाले. "आकडा उतरला, आकडा उतरला. मी काय करू त्या आकड्याचं? हा माणूस निदान काहीतरी करायला तरी देतो."

यावरची उत्तरं मला घरी पोचेपर्यंत सुचत राहिली, पण तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

*

महाराजांचा खरा जोर होता तो रविवारच्या प्रयोगावर. लिलावाच्या शेडमध्ये टेबल मांडून ते काचेच्या बरणीत दोन-तीन कोळंब्या सोडायचे. त्या रविवारी त्यांनी बर्फ कारखान्याच्या मालकाला मुद्दाम पुढे बोलावलं. त्याचंही एक तळं होतं, आणि त्याची कोळंबी चांगली टणटणीत होती.

"तुमच्या तळ्यात पीडा नाही म्हणता?"

"नाही महाराज. मस्त खातेय, वाढतेय."

"असं! आतली पीडा वरून दिसत असती तर आमची गरज काय होती?"

महाराजांनी त्याच्याच कोळंबीच्या बरणीत पुडी सोडली, डोळे मिटले, ओठ हलवले. तासभर शेडमध्ये कुणी खोकलंही नाही. मग एका कोळंबीच्या शेपटीखालून बारीक पांढरा धागा लोंबायला लागला. मग दुसरीच्या. कोळंबी काचेसारखी असते, तिच्या आरपार दिसतं. तिच्या पाठीतून पांढरी रेघ सरकत येताना सगळ्यांनी पाहिली.

बर्फवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी ज्यांच्या तळ्यांत काहीच बिघडलेलं नव्हतं, त्यांनीही पुड्यांसाठी रांग लावली. मीही लावली.

प्रयोगशाळेत पुडी उघडून मी चिमूटभर पूड काचेवर घेतली आणि आयोडीनचा थेंब सोडला. निळंकाळं झालं. पीठ! दुसऱ्या चिमटीवर आम्लाचा थेंब टाकला, ती फसफसली. खडू! मी अक्षरशः धावत लिलावाच्या शेडवर गेले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, "पीठ आणि खडू आहे त्यात! बाकी काही नाही!"

"मग?" मासळी तोलणारा काटेवाला म्हणाला. "पिठात मंत्र घातलाय. मंत्र तुझ्या काचेखाली दिसेल का?"

"औषध कडूच असायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?" त्याची बायको म्हणाली.

मी तिथेच एका रिकाम्या खोक्यावर बसले. माझ्याकडे पुरावा होता आणि त्या पुराव्याने कुणाच्याही डोक्यावरचा केस हलला नव्हता.

*

गुरुवारी सकाळी दोन नंबरच्या तळ्यातले धागे थांबले.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुन्हा बांधावर गर्दी. महाराज स्वतः आले नाहीत, पण दाजींच्या फोनच्या पडद्यावरून त्यांनी दर्शन दिलं. "पीडा संपली! तळं शुद्ध झालं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी दाजींना खांद्यावर उचलायला निघालं होतं.

दाजींनी फेकजाळं टाकलं. इतक्या माणसांसमोर, हसऱ्या चेहऱ्याने. जाळं नेहमीपेक्षा जड आलं. ओढून बांधावर पसरलं, तेव्हा आधी वास आला. मग लालसर पडलेली, बोट लावलं तर दबणारी कोळंबी दिसली. तळाशी सगळी मरून पडली होती. पंधरा दिवसांत काढणीला आली असती.

टाळ्या थांबल्या. माणसं एकेक करून निघून गेली.

फोन अजून चालूच होता. "पीडेबरोबर त्यांचा जीवही ओढला गेला," महाराज म्हणत होते. "असं होतं, श्रद्धा कमी पडली की. घरात कुणी शंका काढत होतं का?"

मला वाटलं होतं, आता तरी दाजी तो फोन तळ्यात भिरकावतील. त्यांनी तो बंद केला आणि खिशात ठेवला. दुपारी मी ताईच्या घरी गेले तेव्हा ते दारात पायऱ्यांवर बसले होते.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "एकदा दुपारी पंखे बंद करायला विसरलो होतो."

मी इतकी संतापले की मला रडू यायला लागलं. "दाजी, अहो, पंखे बंद केलेत म्हणून मेली ती! आधीच आजारी, त्यात श्वासाला हवा नाही!" ते मान हलवत राहिले. मान हलवणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

ताई आत भांडी घासत होती. ती या सगळ्यात आतापर्यंत काही बोललीच नव्हती. माझ्या हातात चहाचा कप देताना तिने विचारलं, "मला एक सांग. पांढरं खाल्लं म्हणून पांढरं निघालं, असं नसेल ना?"

"काय?"

"तू तीन वर्षांची असताना वाटीभर बीट खाल्लंस. दुसऱ्या दिवशी आईने तुझी लाल शी बघितली आणि तुला उचलून अनवाणी दवाखान्यात पळाली. डॉक्टर पोट धरून हसले होते. ती गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे." तिने ओले हात पुसले. "महाराजांची पुडी पांढरी. त्या रविवारची कोळंबी धडधाकट होती. मग धागा पांढरा निघाला यात मंत्र कुठून आला? मी तिला निळं खायला घातलं तर काय निघेल?"

मी सूक्ष्मदर्शक असलेली बाई. आयोडीन असलेली बाई. मला हे सुचलं नव्हतं. पुडीत काय आहे ते मी शोधत बसले होते, आणि ताईने विचारलं होतं की पुडीऐवजी दुसरं काही घातलं तर काय होईल.

आम्ही त्याच दुपारी करून बघितलं. पहिल्यांदा बीटच किसून पिठात मळलं; ते पाण्यात सुटलं आणि बरणी गुलाबी झाली, कोळंबीने तोंडही लावलं नाही. मग ताईने केकवर घालायचा निळा रंग काढला, पीठ आणि अंड्याच्या पांढऱ्यात कालवून वाफवला, थंड केला आणि चुरा केला. रंग बसला. तीन नंबरच्या तळ्यातली अजून धड असलेली कोळंबी बरणीत सोडून आम्ही दोघी ओट्याशी बसून राहिलो. सव्वा तासाने ताई म्हणाली, "आली बघ," आणि इतकी हसली की दाजी आत आले.

ते बराच वेळ बरणीकडे बघत उभे होते. मग बाहेर जाऊन त्यांनी एक आणि तीन नंबरच्या तळ्यांचे पंखे चालू केले.

*

रविवारी ताई शेडमध्ये टेबलापर्यंत गेली. आयुष्यात चार माणसांसमोर न बोललेली माझी ताई. तिच्या हातात तीन बरण्यांचा ट्रे होता.

"महाराज, तिन्हीत बर्फवाल्यांच्या तळ्यातली कोळंबी आहे. एकीत तुम्ही तुमच्या हाताने पुडी घाला. दुसरीत मी घरचा चुरा घालते. तिसरीत नेहमीचं खाद्य. मंत्र फक्त पहिलीवर म्हणा."

महाराज हसले. समोर दोनशे माणूस, बाईमाणूस एकटी. त्यांना यात धोका दिसला नाही. "बाई, तुमचं तळं गेलं, आम्हाला कळतं. पण परीक्षा बघायची तर बघा. मंत्राशिवाय या दोन बरण्यांतून एक धागा निघणार नाही. समुद्राने आम्हाला शब्द दिलाय!"

"एकही नाही ना?" ताईने विचारलं.

"एकही नाही!"

हे त्यांनी माइकवर सांगितलं, म्हणून मी त्यांची आजही आभारी आहे.

तो तास माझ्यासाठी फार लांब होता. कोळंबी कधी कधी खातच नाही. घाबरली तर कोपऱ्यात बसून राहते. लोक चुळबुळत होते, पोस्टमन बरणीला नाक लावून बसला होता. पहिला ओरडला तोच.

"इथे आला! तिसरीत! तपकिरी आहे!"

मग पहिलीत पांढरा. आणि मग दुसऱ्या बरणीत, कोळंबीच्या पाठीतून सरकत, शेपटीखाली लोंबत, लख्ख निळा धागा.

मागून ट्रक चालवणाऱ्याचा आवाज आला, "महाराज, ही निळी पीडा कोणाची?"

"निळा... निळा म्हणजे खोल समुद्राचा दोष," महाराज म्हणाले. "दुर्मीळ असतो. आम्ही याचीच वाट..."

"केकचा रंग आहे महाराज," ताई म्हणाली. "डबी पिशवीत आहे. लाल आणि हिरवाही आहे. कुठला दोष काढून दाखवू?"

अख्ख्या शेडमध्ये हशा पिकला. डोळ्यांना धागा लावणारे आजोबा तेवढे हसले नाहीत. ते हळूच नळावर जाऊन तोंड धूत राहिले. महाराजांनी अविश्वासी माणसांच्या नजरेने मंत्र बाटतो वगैरे सांगायला सुरुवात केली, पण माइक काटेवाल्याने काढून घेतला होता.

तेव्हा माझ्या हातात माइक आला. मी सहा वर्षं या क्षणाची वाट बघत होते.

मी सांगितलं की कोळंबी साफ करताना पाठीवरची जी काळी रेघ आपण सुरीने काढून टाकतो, तेच तिचं आतडं. जे खाईल त्याच रंगाचं त्यातून निघतं, तास-दीड तासात. महाराजांची जादू एवढीच. पण आमच्या तळ्यावर तरंगलेले धागे वेगळे होते. पुडी यायच्या आधीपासून ते निघत होते, तपकिरी खाद्य खाऊनही पांढरे. महाराजांच्या बरणीतले धागे तळाला बसतात, आजाराचे वर तरंगतात, हा फरक इतक्या फोनमध्ये टिपला गेला आणि कुणी पाहिला नाही. आजारी कोळंबीच्या आतड्याचं अस्तर झडतं, न पचलेलं तेल आणि जंतू त्याबरोबर बाहेर येतात. आणि आतडं का बिघडतं? कारणं बरीच असतात. गर्दी करून सोडलेली पिल्लं, तळाला साठलेली घाण. पण एक कारण समुद्रातूनच येतंय. गाड्यांचा, चिमण्यांचा धूर हवेत जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो. सोड्याची बाटली जिभेला चुरचुरते ती त्याच वायूने. पाणी आंबटाकडे झुकलं की कोळंबीची ताकद स्वतःच्या अंगातला तोल सांभाळण्यातच जाते. आतड्यातले चांगले जंतू कमी होतात, वाईट जंतू जागा धरतात, अन्न पचत नाही.

"मग उपाय काय?" बर्फवाल्याने विचारलं. "तुमची पुडी कुठे मिळते?"

"उपाय आहे, पण तो पुडीत मावत नाही. पाणी आत घेतलं की आधी साठवून, तपासून मग तळ्यात सोडा. रोज मोजा. चुना मोजून, थोडा थोडा टाका. एकदम ओतलात तर पाण्यातला अमोनिया जहर बनतो. पंखे बंद करू नका. आणि सगळ्यांनी मिळून मोजलेले आकडे घेऊन वर सरकारकडे विचारायला जाऊ, कारण हे एकट्या तळ्याचं दुखणं नाही."

"म्हणजे पूर्ण बरं कधी होणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

मग खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. कुणाला ट्रक भरायचा होता, कुणाला घरी स्वयंपाक होता. खोट्या धाग्यासाठी तासभर न हललेली माणसं खऱ्या समुद्रासाठी दहा मिनिटं थांबेनात. शेवटी मी मोजलं, एकोणीस जण उरले होते. त्यातले दोघे खुर्च्या परत न्यायला आलेले.

दाजी उरले होते. गर्दी गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

"माझी श्रद्धा कमी नव्हती ना पडली?"

"नाही दाजी. हवा कमी पडली."

त्यांनी तोंड फिरवलं आणि ताईच्या हातातला ट्रे घेतला.

एक नंबरचं तळं वाचलं. तीन नंबरचं अर्धंमुर्धं, लवकर काढावं लागलं. दाजी आता रोज सकाळी पाणी तपासतात आणि आकडा मला फोनवर सांगतात. कधी कधी तो चांगला असतो, बऱ्याचदा नसतो. त्या एकोणिसांपैकी अकरा जण अजून मोजतात. महाराज दूरच्या एका गावात आहेत. तिथे ते म्हणे कोंबड्यांची पीडा अंड्यातून काढून दाखवतात, आणि तिथेही माणसं फोन वर करून उभी असणार, या विचाराने माझं डोकं आजही तडकतं.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणी तुमच्यासमोर आजार काढून दाखवला तर त्याच्याशी भांडू नका, त्याच्या पुडीत काय आहे तेही शोधत बसू नका. फक्त विचारा की मंत्र न म्हणता, दुसऱ्या कुणी, दुसरं काही घातलं तर काय निघेल? आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा. हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि खोटं उघडं पडल्यावर हसून घरी जाऊ नका. खरं दुखणं तेव्हा तिथेच असतं, आणि त्याला तुमची जास्त गरज असते.